पहिली कयाक: आधी जागा, मग जाकीट, शेवटी होडी

गिरगाव ते दादर या पट्ट्यातल्या माणसाने गळाने मासे धरण्यासाठी कयाक घ्यायचं मनावर घेतलं, की पहिली चौकशी किमतीची होते आणि दुसरी मॉडेलची. दोन्ही चौकशा रास्त आहेत, पण अवेळी होतात. पहिली फिशिंग कयाक कशी निवडावी याचे जे सल्ले अमेरिका-ऑस्ट्रेलियातून आपल्यापर्यंत पोचतात, त्यांत घराला गॅरेज आहे, दारात गाडी आहे आणि ती गाडी पाण्याच्या काठापर्यंत जाते हे न सांगता धरलेलं असतं. परळ-लालबागमध्ये यातलं एकही खात्रीने धरता येत नाही. बीडीडी चाळीतली मूळ खोली 160 चौरस फुटांची, आणि पुनर्विकासात मिळणारं घर 500 चौरस फुटांचं. अशा घरात दहा-बारा फुटांची वस्तू आणायची तर आधी घरातल्या माणसांशी वाटाघाटी कराव्या लागतात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की या शहरात कयाक परवडते की नाही हे ती कुठे ठेवायची यावर ठरतं. जागा सापडण्याआधी घेतलेली होडी कितीही स्वस्तात मिळाली तरी शेवटी महागच पडते.

हे पटायला होडीच्या मापांपासून सुरुवात करावी लागेल. कयाकचे ढोबळ दोन प्रकार. एकीत माणूस पोकळीत पाय घालून बसतो, दुसरीत वरच्या सपाट पाठीवर बसतो. मासेमारीसाठी दुसरा प्रकार जगभर रुळला आहे आणि त्याला कारण आहे. वर बसायच्या होडीला आरपार भोकं असतात, त्यांतून अंगावर आलेलं पाणी आपोआप खाली जातं. उलटली तरी ती भरत नाही, पुन्हा सरळ करून चढता येतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या लाटांवर या घडणीच्या होड्या पुढे आल्या, त्या याच गुणामुळे. नवशिक्याने उघड्या पाण्यावर पोकळीत बसायची होडी घेऊ नये, यावर फारसा वाद घालायचं कारण नाही. गळाच्या काठीसह उलटलेल्या आणि पाण्याने भरलेल्या होडीत परत शिरणं हे सरावलेल्यांचं काम आहे.

वर बसायची एकट्याची होडी साधारण दहा ते बारा फूट लांब, तीस ते चौतीस इंच रुंद आणि पंचवीस ते पस्तीस किलो वजनाची असते. रुंदी जास्त तितकी ती स्थिर, पण वल्हवायला तितकीच जड. मासे धरायला होडी बराच वेळ एका जागी उभी राहते, म्हणून तीस इंचांखाली जाऊ नये. बहुतेक होड्या पॉलिथिलीनच्या. साच्यात प्लास्टिकची भुकटी घालून तो तापवत फिरवायचा, ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचीच पद्धत. टाकी जशी वर्षानुवर्षं ऊन-पाऊस सोसते तशी ही होडीही खडकावरची घासाघीस, आपट, चिखल निमूटपणे सोसते. जाहिरातीतला एक आकडा मात्र फसवा असतो, तो म्हणजे वजन पेलण्याची क्षमता. शंभर किलो लिहिलं असेल तर तेवढं वजन घेऊन ती तरंगते एवढाच त्याचा अर्थ. नीट वल्हवता यावी म्हणून त्या आकड्याचा सत्तर टक्के भागच आपला मानावा. पंचाहत्तर किलोचा माणूस, पाणी, बर्फाचा डबा, काठ्या आणि नांगर मिळून नव्वद किलो झाले, की शंभर किलोची होडी पाण्यात खोल बसते आणि तिच्या भोकांतून पाणी वर यायला लागतं. दोन आसनांची होडी घेऊन घरच्यांनाही न्यावं, हा विचार पहिल्या खरेदीत टाळलेला बरा. ती एकट्याला उचलत नाही, आणि दुसरं माणूस दर वेळी मिळत नाही. पायडलवर चालणाऱ्या होड्या सुखाच्या असतात, पण ‘परवडणारी’ या शब्दात त्या बसत नाहीत.

आता ही दहा फुटांची, तीस किलोची वस्तू तिसऱ्या मजल्यावर न्यायची आहे. नेहमीच्या लिफ्टमध्ये ती उभी करूनही मावत नाही. चाळीच्या जिन्यावर वळण घेताना दोन माणसं लागतात, आणि गॅलरीत ठेवली तर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडते. नव्या टॉवरच्या पार्किंगमध्ये ठेवायची म्हटली तर सोसायटीची परवानगी हवी. घरापासून चौपाटीपर्यंत नेण्याचा प्रश्न उरतोच. टपावर कॅरियर असलेल्या पद्मिनी टॅक्सीचा जमाना 2023 च्या ऑक्टोबरमध्ये अधिकृतपणे संपला. दर खेपेला छोटा टेम्पो करायचा तर वर्षभरातलं भाडं होडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतं. घेतलेली कयाक दोन हिवाळ्यांत जेमतेम चार-पाच वेळा पाणी बघते आणि मग विकायला निघते, यामागे आळसापेक्षा हा जिना आणि हा टेम्पो जास्त असतो.

म्हणून सगळ्यांची नजर हवेच्या होडीकडे वळते. पीव्हीसीची एकट्याची साधी होडी दहा-पंधरा किलोची असते, पिशवीत मावते, पलंगाखाली जाते, लोकलमधून नेता येते आणि कडक होडीच्या मानाने तिला पैसेही फार कमी पडतात. जागेचा प्रश्न तिने सोडवला यात शंका नाही. पण तो सोडवताना तिने पाण्याचा प्रश्न निर्माण केला. मुंबईच्या पश्चिमेच्या खडकांवर कालवांचा थर असतो. त्यांच्या उघड्या शिंपल्यांची कड पात्यासारखी धारदार असते. ओहोटीला अनवाणी चालणाऱ्याचा तळवा ती चिरते, मग फुगवलेल्या पीव्हीसीची काय कथा. त्यात भर म्हणजे या पाण्यात गळाला हमखास लागणारा मासा शिंगाडा. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांपाशी काटेरी भाले असतात, आणि होडीत ओढल्यावर तो जागच्या जागी अंग पिळतो. शिवाय हलकी होडी पाण्यात रुतत नाही, वरच्यावर तरंगते, त्यामुळे वारा तिला पानासारखी ढकलतो. दुपारी समुद्रावरून जमिनीकडे येणारे खारे वारे निदान काठाकडे तरी आणतात. पहाटेचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात, आणि गळ टाकण्याची वेळही नेमकी पहाटेचीच.

यावर नेहमीचा आक्षेप असा: सुरुवात हवेच्या होडीने करू, जमलं तर पुढे कडक होडी घेऊ. तळं, धरणाचा फुगवटा किंवा शांत खाडी डोळ्यासमोर असेल तर हा युक्तिवाद मला मान्य आहे. मावळातली धरणं किंवा सिंधुदुर्गातल्या तारकर्ली-देवबागकडचं कर्ली नदीचं संथ पाणी, अशा ठिकाणी वर्षातून दोन-तीनदा सुट्टीत जाणाऱ्याला पलंगाखालची होडी पुरेशी आहे. तिथली परवानगी तेवढी आधी विचारावी. (जवळचं म्हणून पवईकडे पाहू नये, त्या तलावात मगरी आहेत.) पण तीच होडी दादर चौपाटीवर फुगवून वरळीच्या दिशेने काढणं म्हणजे स्वस्त सुरुवात नव्हे. ज्या पाण्यासाठी ती घडवलेली नाही तिथे ती नेऊन आपण फक्त पैसे वाचवल्याचं समाधान मिळवतो. थोडक्यात खोलीत मावणारी होडी या किनाऱ्याला चालत नाही, आणि किनाऱ्याला चालणारी खोलीत मावत नाही.

या कात्रीतून सुटायची वाट एकच दिसते, आणि ती दुकानातून जात नाही. कडक होडी घ्यायची, पण ती पाण्याजवळ ठेवायची. दक्षिण-मध्य मुंबईत पाण्याजवळची जागा म्हणजे प्रामुख्याने कोळीवाडे: कुलाबा, कफ परेडचं मच्छीमार नगर, वरळी, माहीम. प्रियदर्शिनी पार्क ते वरळी हा किनारा सागरी मार्गाच्या भरावाने आणि दगडी बांधाने बदलून गेला. तिथून होडी उतरवायचा विचारही सोडावा. पूर्वेला शिवडी-माझगावकडे चिखल आणि बंदराची हद्द. उरलेल्या बंदरांवर नाखवांच्या सहकारी सोसायट्या आहेत, होड्या ओढून ठेवायच्या ठरलेल्या जागा आहेत आणि त्या जागांचे हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. तिथे आपली होडी ठेवायची तर कुणाशी तरी रीतसर बोलून, भाडं ठरवून, सोसायटीला विचारून. हे काम ऑनलाइन होत नाही. दोन-चार वेळा जाऊन बसावं लागतं, आपण कोण, काय करणार, कुठपर्यंत जाणार हे सांगावं लागतं. त्यातून जे महिन्याचं भाडं ठरेल ते टेम्पोच्या एक-दोन खेपांपेक्षा जास्त असण्याचं कारण नाही, आणि त्यात होडीवर एक डोळा राहतो तो वेगळाच.

शौकिनांना कोळी का जागा देतील, असं कुणी विचारेल, आणि शंका योग्य आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक नव्या गोष्टीने कोळ्यांची जागा कमी केली असताना रंगीत प्लास्टिकची होडी घेऊन आलेल्या माणसाकडे ते संशयाने पाहतील तर दोष देता येत नाही. वरळीच्या कोळ्यांनी सागरी मार्गाच्या दोन खांबांतलं अंतर 60 मीटरवरून 120 मीटर करून घेतलं, त्यासाठी त्यांना काम अडवून बसावं लागलं. त्यांचं म्हणणं अगदी व्यवहाराचं होतं: लाट आणि ओढ एकत्र असताना अरुंद गाळ्यातून होडी काढणं म्हणजे ती खांबावर आपटण्याची तयारी. कयाक घेणाऱ्याने हा वाद केवळ बातमी म्हणून वाचू नये. इंजिनाची होडी वापरणाऱ्या, तिथेच वाढलेल्या माणसाला जिथे साठ मीटर कमी वाटतात, तिथे वल्ह्यावरच्या नवशिक्याने खांबांच्या जवळपासही फिरकू नये. जागा मिळवायची तर त्यांच्या डोल जाळ्यांच्या खुंटांना होडी न बांधणं, जाळ्यांवरून गळ न ओढणं आणि धरलेली मासळी विकायला न बसणं, हे तीन नियम स्वतःहून सांगावेत. तरीही नकार आला तर तो स्वीकारून हवेच्या होडीकडे आणि धरणाकडे वळावं.

कोळीवाड्यात जागा असण्याचा होडी ठेवण्यापलीकडचा फायदा म्हणजे पाण्याचं वेळापत्रक समजतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं आणि दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशीर होतो. कोकण किनाऱ्यावर याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्रीच्या अलीकडे. अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतं, बारीक वेळेसाठी छापील तक्ता पाहावाच. पण भिंतीवरच्या कालनिर्णयातून महिन्याचा अंदाज एका नजरेत येतो. आणि या हिशेबातून एक गोष्ट निघते जी परदेशी सल्ल्यांत मिळणं शक्य नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पहाटे सहाला मुंबईत पाणी जवळपास तळाला असतं. नोकरदार माणूस रविवारी पहाटे उठून निघतो आणि समोर खडक नाहीतर चिखल. उलट अष्टमीच्या मागेपुढे, भांगाच्या दिवसांत, पहाटेच भरती असते, चढ-उतार कमी असतो आणि ओढही सौम्य. उधाणात पाणी जोरात फिरतं तेव्हा मासा जास्त लागतो असं जुने गळकरी म्हणतील, आणि त्यांचं खरंही असेल. पण साधारण वल्हवणारा तासाला चार-पाच किलोमीटर जातो. खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ तीन-साडेतीन किलोमीटरची असेल तर परतताना त्याच्या हाती तासाला एखादाच किलोमीटर उरतो. पहिल्या मोसमात भांगाचा रविवार निवडावा आणि दोन मासे कमी धरावेत.

कोळी तर लहान होडक्यांतून रोज जातात, मग आम्हालाच एवढी भीती का, असा प्रश्न येतो. तुलना अपुरी आहे. ते एकटे नसतात, हाकेच्या अंतरावर भाऊबंद असतात, आणि आभाळ पाहून परत फिरण्याचा निर्णय त्यांचा लहानपणापासूनचा आहे. दक्षिण कोकणातल्या अरुंद होडीला बाजूला लाकडाची उलांडी बांधतात, ती याच जाणिवेतून: अरुंद होडी उलटते हे त्यांनी मान्य केलं आणि त्यावर इलाज केला. कयाकलाही पीव्हीसी नळ्यांची उलांडी घरी करता येते, पण तिने वल्हं मारताना अडचण होते. रुंद होडी घेतली असेल तर ती लागू नये.

मुंबईचा म्हणून एक मुद्दा राहतो, आणि तो खेळाच्या चर्चेत सहसा येत नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला हल्लेखोर हवेच्या होडीतूनच कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत उतरले होते. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, होड्यांची नोंद कडक झाली, किनाऱ्याची गस्त वाढली. अशा शहरात पहाटेच्या अंधारात अनोळखी माणूस लहान होडी फुगवू लागला तर त्याला हटकणारच, आणि हटकलंच पाहिजे. निघण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय विभागात विचारून घ्यावं, आधार कार्ड पाण्यापासून जपलेल्या पाकिटात ठेवावं, नौदलाच्या गोदीकडे, तुर्भ्याच्या अणुकेंद्राकडे आणि जहाजांच्या मार्गावर जाऊ नये. कोळीवाड्यातली ओळख इथेही उपयोगी पडते; ज्याला बंदरावरची माणसं नावाने ओळखतात त्याची चौकशी लवकर संपते.

सामानाकडे येऊ. ठरवलेल्या रकमेतून सर्वांत आधी पैसे बाजूला काढायचे ते लाईफ जॅकेटचे, होडी पसंत करण्याच्याही आधी. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाची स्पीडबोट घारापुरीच्या प्रवासी बोटीवर आदळली, माणसं बुडाली, आणि मग बोटींवर जॅकेट घालण्याची सक्ती सुरू झाली. मोठ्या बोटीत जे अनर्थानंतर सुचलं ते तीन फूटही रुंद नसलेल्या होडीत आधीच सुचायला हवं. जॅकेट अंगाला घट्ट, खांद्यावरून वर न सरकणारं हवं. त्याच्या खिशात शिटी आणि तारेचा गुंता तोडायला बोथट टोकाचा चाकू. त्यानंतर वल्हं. ते होडीबरोबर फुकट मिळतं म्हणून चालवून घेऊ नये, कारण दिवसभर हातात तेच असतं, आणि ते होडीला दोरीने बांधलेलं असावं. भ्रमणध्वनीला पाणबंद पिशवी, आणि तटरक्षक दलाचा 1554 व सागरी सुरक्षेचा 1093 हे क्रमांक त्यात साठवलेले. बाकी सगळं हळूहळू जमवता येतं आणि त्यासाठी ब्रँडची गरज नाही. नागदेवी स्ट्रीटला नायलॉनची दोरी, कड्या, आकडे किलोवर आणि डझनावर मिळतात. काठी उभी ठेवायला पीव्हीसी नळीचा हातभर तुकडा, मागे भाजीबाजारातला प्लास्टिकचा क्रेट, त्यात बर्फासाठी थर्मोकोलचा डबा. मासे शोधण्याचं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नये. कुठे खडक आणि कुठे खोल हे बंदरावरचा म्हातारा फुकट सांगतो.

नांगराबद्दल मात्र दोन शब्द जास्त. दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, पण तो होडीच्या मधल्या बाजूला बांधला तर ओढीत होडी आडवी येते आणि क्षणात उलटते. तो नाळेला किंवा शेपटाला बांधावा, दोरीचं टोक एका झटक्यात सुटेल अशा गाठीचं असावं आणि दोरीला छोटा तरंगा असावा, म्हणजे अडचणीत नांगर सोडून देता येतो आणि नंतर उचलताही येतो. ओढ असेल तिथे पहिल्या वर्षी नांगर टाकूच नये, हे त्याहून बरं.

एवढा खटाटोप कशाला, मरीन ड्राइव्हच्या किंवा वरळीच्या कठड्यावरून गळ टाकावा, असं म्हणणाऱ्याला मी विरोध करणार नाही. ते फुकट आहे, सुरक्षित आहे, आणि तिथे बोयं, शिंगाडा, नशीब असेल तर तांबोशीही लागते. कयाकने जे मिळतं ते म्हणजे कठड्यावरून न पोचणारं खडकाच्या पलीकडचं पाणी, जिथे गोबरा आणि जिताडा राहतात. हा फरक ज्याला महत्त्वाचा वाटत नाही त्याने होडीचा खर्च करू नये. नाल्यांच्या आणि मिठी नदीच्या मुखाशी धरलेला मासा मात्र, कुठूनही धरला तरी, खाण्याआधी विचार करावा.

जागा ठरली, जाकीट झालं, की होडी वापरलेली घ्यावी. पॉलिथिलीन लवकर मरत नाही, आणि एका हौशी माणसाने चारदा वापरलेल्या होडीत जवळजवळ सगळं आयुष्य शिल्लक असतं. विकणारे बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर विकतात. यांत्रिक होड्यांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते आणि या दिवसांत समुद्र कयाकसाठीही बंदच समजावा. तेव्हा घासाघीस करायला वेळ भरपूर असतो, आणि घेतल्यावर पोहण्याच्या तलावात किंवा संथ पाण्यात मुद्दाम उलटून पुन्हा चढायचा सराव करायलाही. हे जाकीट घालून, दमलेलं असताना जमलं पाहिजे, तोवर नोव्हेंबरची वाट पाहावी. पाहायला जाताना दिवसाउजेडी जावं. होडी उलटी करून मागचं टोक बघावं, कारण ओढत नेल्याने तेच सर्वांत आधी झिजतं. पाणी जाण्याच्या भोकांच्या आतल्या कडांवर बोट फिरवावं. बारीक तडे बहुधा तिथेच असतात, आणि उन्हात राहिलेलं प्लास्टिक नखाने खरवडलं की पांढुरकी भुकटी येते. मग बूच काढून आत दोन बादल्या पाणी ओतावं, बूच लावून होडी एका कुशीवर दहा मिनिटं, दुसऱ्या कुशीवर दहा मिनिटं ठेवावी आणि खाली वर्तमानपत्र पसरावं. कागद ओला झाला तर विकणारा जागेवरच भाव पाडेल, आणि तरीही ती घेऊ नये.